सतराव्या गुणसूत्रावरचा जादा तुकडा

माझ्या उजव्या हाताला मधलं बोट नाही. त्याच्या खालचं तळहातातलं हाडही नाही, त्यामुळे तर्जनी आणि अनामिका यांच्या मधोमध तळव्यात उतरणारी खोल खाच आहे. अनामिका आणि करंगळी जन्मतः एकमेकींना चिकटलेल्या होत्या, त्या लहानपणी जांघेजवळची त्वचा लावून सुट्या केल्या. डावा हात शाबूत. पावलं मात्र दोन्ही मधून दुभंगलेली. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण अशा हातापायांनी कसं निभतं हा या लिखाणाचा विषय नाही. निभतं. पेन तर्जनी आणि अनामिकेत धरायचं, हातमोज्याचं मधलं बोट आत दुमडून शिवून घ्यायचं, आणि दहा बोटांचे ठसे मागणाऱ्या यंत्रासमोर कर्मचाऱ्याची धांदल शांतपणे बघत उभं राहायचं.

हे असं का झालं, याचं कारण घरात कधीचंच ठरलेलं होतं. मी पोटात असताना सहाव्या महिन्यात आई जिन्यावरून घसरली होती. आईनेच ते सांगितलं, बाकीच्यांनी मान डोलावली आणि विषय मिटला. त्या वेळच्या डॉक्टरांनी 'योगायोग, पुन्हा होणार नाही' असं सांगितलं होतं. घराण्यात असं दुसरं कोणी नव्हतंच, तेव्हा त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

मग ताईला मुलगा झाला. ताईचे हातपाय अगदी नीट, कुठे खोट नाही. बाळंतपणानंतर तिने फोन केला, बाळाचं वजन सांगितलं, रडतो कसा ते सांगितलं, आणि म्हणाली, "हात छान आहेत. पाय तुझे आहेत."

एका घरात दोनदा घडलं की योगायोगाचं स्पष्टीकरण लंगडं पडतं. बालरोगतज्ज्ञांनी ताईला जनुकतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाळाला पाहिलं, घरात अजून कोणाला आहे विचारलं, आणि म्हणाल्या, "मामांना घेऊन या. आईलाही." मला वाटलं, रक्त द्यायचं आणि घरी यायचं. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत रक्ताचा विषय निघाला तो अगदी शेवटी.

आधी निघाला कागद. त्यावर त्यांनी आमचं घराणं काढलं: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ, ज्याच्यात दोष दिसतो तो आकार काळा भरलेला. माझा चौकोन काळा, भाच्याचा चौकोन काळा, बाबांच्या रिकाम्या चौकोनावर तिरकी रेघ. आजोबा-पणजोबांपर्यंत प्रश्न गेले. कोणी लंगडत होतं का? कोणाचा एक पाय आखूड होता? कोणाची नडगी वाकडी? कोणाचं मूल जन्मतःच गेलं? असल्या प्रश्नांना घरात तयार उत्तरं नसतात. आई आठवून आठवून सांगत होती आणि मधूनच "आता हे कोणाला विचारू?" म्हणत होती. सांगण्यासारखं फारसं काही निघालं नाही.

नंतर तपासणी, आणि तीही हातापायांपुरती नाही. माझे दात मोजले, केस बोटांत धरून पाहिले, नखं पाहिली, घाम नीट येतो का, डोळ्यांतून उगाच पाणी गळतं का, टाळू किंवा ओठ दुभंगलेला होता का, ऐकू नीट येतं का. माझ्या बोटांचा आणि घामाचा काय संबंध, असं मी विचारलंच. त्यांनी समजावलं की दुभंगलेला पंजा अनेक वाटांनी येतो. टीपी-६३ नावाचं एक जनुक आहे. त्यात बिघाड असला तर पंजा दुभंगू शकतो, शिवाय केस विरळ, दात कमी, अश्रुनलिका बंद, ओठ-टाळू फाटलेले, अशी जोडी बरेचदा सापडते. हा संबंध १९९९ साली उलगडला. सातव्या गुणसूत्रावरची आणखी एक जागा आहे, तिच्यात गडबड झाली तर काही घरांत पंजाबरोबर बहिरेपण येतं. दहाव्या गुणसूत्रावर एक तुकडा दुप्पट झाला तरी पंजा दुभंगतो. बाहेरून दिसणारी खाच तीच, आतली कारणं निरनिराळी. म्हणून आधी डोळ्यांनी जेवढं छाटता येईल तेवढं छाटायचं. माझे दात, केस, घाम सगळं ठाकठीक निघालं, तेव्हा टीपी-६३ यादीत खाली सरकलं. रक्ताचा थेंबही न काढता.

मग त्यांनी आईला चपला काढायला लावल्या. तिची पावलं स्टुलावर ठेवून प्रत्येक बोट वेगळं करून पाहिलं, तळव्यावरून अंगठा फिरवला, गुडघे, नडग्या दाबून पाहिल्या. ताईचंही तसंच. मापपट्टी शेजारी ठेवून सगळ्यांचे फोटो काढले, एक्स-रे काढले. आई संकोचली होती. तिच्या पायांकडे इतक्या बारकाईने कोणी कधी पाहिलं नसावं. त्या म्हणाल्या की ज्याला आपण 'काही नाही' म्हणतो त्याच्याही पायात कधीकधी एखादं हाड जरा आखूड, दोन बोटांमधली फट जरा रुंद, असं बारीकसं चिन्ह असतं, आणि वारसा कुठून आला ते तिथे कळतं. आईच्या पायांत तसं काही नव्हतं. ताईच्याही नव्हतं.

याच भेटीत आईने जिन्याचं सांगितलं. न विचारता, आणि थोडं घाईनेच, बोलून मोकळं व्हावं तसं. डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं, कागद उलटा केला आणि पेन्सिलने वल्ह्यासारखा एक आकार काढला. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात हाताचा अंकुर फुटतो. सहाव्याच्या सुमारास त्याचा असा चपटा पंजा होतो, बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटं सुटी झालेली असतात. "तुम्ही सहाव्या महिन्यात पडलात, तेव्हा याच्या बोटांना नखं यायला लागली होती. जी बोटं होती त्यांना." आईने तो कागद मागून घेतला. इतकी वर्षं तिला हे कोणी का सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो. यासाठी कोणतीही तपासणी लागत नव्हती, पाठ्यपुस्तकातलं एक पान पुरलं असतं.

त्याच चित्रावर त्यांनी अंकुराच्या टोकाला एक जाड रेघ ओढली. ही पेशींची कड. अंकुराला 'वाढत राहा' हा निरोप तिथून जातो. १९४८ साली जॉन सॉन्डर्स यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर ही कड कापून पाहिली. पंख जिथवर झाला होता तिथेच थांबला, पुढचा भाग झालाच नाही. दुभंगलेल्या पंजात ही कड सगळी जात नाही, तिचा मधला भाग तेवढा टिकत नाही. दोन्ही बाजूंची बोटं होतात, मधली होत नाहीत. माझ्या हाताकडे मी आयुष्यभर 'एक बोट तुटलेला हात' म्हणून पाहत आलो होतो. तुटलं काहीच नव्हतं. तिथे वाढीचा निरोपच पोचला नव्हता.

रक्त शेवटी घेतलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. आधी माझं, कारण माझ्यात हात आणि पाय दोन्ही आहेत, आणि तान्ह्या बाळापेक्षा मोठ्या माणसाचं रक्त हवं तेवढं मिळतं. माझ्यात जे सापडेल ते नंतर भाच्यात शोधायचं, असं ठरलं. त्याआधी संमतीपत्र होतं, आणि त्यात एक चौकट अशी होती: हातापायांशी संबंध नसलेलं, पण आरोग्याला महत्त्वाचं काही योगायोगाने आढळलं, उदाहरणार्थ कर्करोगाचा धोका वाढवणारं जनुक, तर तुम्हाला कळवायचं का? मी बोटांसाठी गेलो होतो आणि हातात हा प्रश्न आला. समुपदेशक म्हणाल्या, "घरी जाऊन विचार करा, आज सही केलीच पाहिजे असं नाही." मी 'हो'वर खूण केली. ताईने पुढे तिच्या वेळी 'नाही'वर केली. आमच्यात त्यावरून अजून वाद होतो.

पहिली तपासणी एक्झोमची. आपल्या सुमारे वीस हजार जनुकांचा प्रथिनं घडवणारा जो भाग आहे तो अक्षर अक्षर वाचायचा. सगळ्या डीएनएच्या मानाने हा भाग दीड-दोन टक्केच. रिपोर्ट यायला वेळ लागला, आणि आला तो नको तसा. ठोस कारण काही नाही, पण एक ओळ: डब्ल्यूएनटी-१०-बी या जनुकात एक बदल, 'महत्त्व अनिश्चित'. जनुकातल्या बदलांची पाच पायऱ्यांत वर्गवारी करतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधली पायरी सगळ्यांत छळते. घरी येऊन मी शोधाशोध केली, तर या जनुकाचा दुभंगलेल्या पंजाशी खरोखरच संबंध आहे. झालं, सापडलं! ताईला फोन, ताईचा नवऱ्याला फोन, संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला कारण माहीत झालेलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी ते पाच मिनिटांत उतरवलं. या जनुकामुळे पंजा दुभंगतो तो दोन्ही प्रती बिघडल्या तर, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. माझी एकच बदललेली होती, दुसरी धडधाकट. तरी खात्रीसाठी भाच्याच्या आणि आईच्या रक्तात तोच बदल शोधला. आईत होता, आणि तिचे हातपाय व्यवस्थित. भाच्यात नव्हताच, आणि त्याचे पाय दुभंगलेले. बदल आणि दोष एकाच माणसात असायला हवेत, घराण्यातून बरोबर चालायला हवेत. इथे दोघांची गाठच पडत नव्हती. नाव खोडलं. जनुकांचे रिपोर्ट आलेल्या कोणालाही माझं एक सांगणं आहे की 'अनिश्चित' हे उत्तर म्हणून वाचू नका आणि त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका.

मग एक्झोममध्ये सापडलं का नाही? कारण त्याला सगळं दिसत नाही. याची एक प्रसिद्ध गोष्ट त्यांनी सांगितली. अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येण्याचं एक कारण शोधताना असं दिसलं की 'सॉनिक हेजहॉग' नावाचं, पंजाला करंगळीची बाजू कोणती हे सांगणारं जनुक स्वतः ठणठणीत आहे. बिघडली आहे ती त्याची कळ, म्हणजे ते कुठे आणि कधी चालू व्हायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा, आणि ही कळ त्याच्यापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब, भलत्याच एका जनुकाच्या पोटात बसलेली. नुसती जनुकं वाचत बसलात तर ती हाती लागणार नाही. दुसरी अडचण प्रमाणाची. पुस्तकातलं एक पान दोनदा छापलं गेलं, तर मुद्रितशोधकाला शुद्धलेखनाची चूक कुठेच सापडत नाही. पानं मोजणाऱ्यालाच ते कळतं. एक्झोम हा प्रामुख्याने शुद्धलेखन तपासणारा. पानं मोजायला, म्हणजे डीएनएचा कुठला तुकडा किती वेळा आहे ते पाहायला, मायक्रोअॅरे नावाची वेगळी तपासणी लागते.

खरं सांगायचं तर दुभंगलेल्या पंजाची बरीच कारणं अशी जादा तुकड्यांची असताना पानं मोजणं आधीच का केलं नाही, हा प्रश्न मी विचारला. प्रत्येक ठिकाणचा क्रम वेगळा असतो, असं उत्तर मिळालं. ते मला पुरेसं वाटलं नाही, पण भांडण्याइतकंही वाटलं नाही.

मायक्रोअॅरेचा रिपोर्ट दोन पानांचा. पहिल्या पानावर एक ओळ, कंस, लांबलचक आकडे, आणि शेवटी 'गुणिले तीन'. सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचं अगदी टोक. तिथला दोन लाखांहून थोड्या जास्त अक्षरांचा तुकडा माझ्यात दोनऐवजी तीनदा. प्रत्येकाकडे गुणसूत्रांच्या जोड्या असल्याने दोन प्रती सगळ्यांकडे असतात. माझ्या एका गुणसूत्रावर तो तुकडा लागोपाठ दोनदा आहे, म्हणून एकूण तीन. त्या तुकड्यात बीएचएलएचए-९ नावाचं एक छोटं जनुक आहे. अंकुराच्या त्या टोकाच्या कडेलगत ते काम करतं. त्याची जादा प्रत आणि दुभंगलेला पंजा यांचा संबंध २०१२ साली पुढे आला. अशा काही घरांत पंजाबरोबर नडगीचं मुख्य हाडही तयार होत नाही; पहिल्या दिवशी आखूड पायांची चौकशी झाली ती यासाठी. मला याहून नवल वाटलं ते दुसऱ्या एका गोष्टीचं. याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर बोटं एकमेकांना चिकटतात, तळहातातली हाडं एक होतात. जास्त झालं तर मधे फट, कमी पडलं तर जोड.

आता भाचा. त्याचं रक्त त्याच प्रयोगशाळेत, पण या वेळी फक्त तेवढ्या तुकड्याची मोजणी: तीन. ताईची मोजणी: तीन. कागदावर ताईच्या रिकाम्या वर्तुळात डॉक्टरबाईंनी मधोमध एक ठिपका दिला, म्हणजे तुकडा आहे, दोष दिसत नाही. ताई बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत होती. नंतर म्हणाली, "म्हणजे मी दिला." मी म्हटलं, "तुलाही कोणीतरी दिलाच की." यावर दोघांनीही आईकडे पाहिलं, आणि तो क्षण मला आवडला नाही.

आईची मोजणी आली: दोन. तिच्यात तुकडा नाही.

आता राहिले बाबा, आणि ते जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्हाला वाटलं, आई नाही तर बाबाच, यात विचारायचं काय? पण शक्यता दोन होत्या. एक, बाबांच्या सगळ्या पेशींत तो तुकडा होता, म्हणजे त्यांनाही तो त्यांच्या आईवडिलांपैकी कोणाकडून तरी आला असावा. दुसरी, दोघांपैकी एकाच्या फक्त बीजपेशींच्या काही भागात तो नव्याने झाला असेल. मग रक्तात दिसणार नाही, आणि तरी दोन मुलांत उतरेल. तसं क्वचित होतं, पण होतं. हा काथ्याकूट कशाला, तर काकांसाठी. पहिली शक्यता खरी असेल तर काकांकडे आणि त्यांच्या मुलीकडेही तुकडा असू शकतो. दुसरी खरी असेल तर त्यांचा संबंध संपला.

इथे डॉक्टरबाईंनी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कोणालाही सुचला नसता. बाबांची कधी शस्त्रक्रिया झाली होती का? झाली होती, पित्ताशयाची. असा काढलेला अवयव तपासायला जातो, त्याचे तुकडे मेणात बसवून ठोकळे करतात आणि अनेक रुग्णालयं ते वर्षानुवर्षं ठेवतात. चौकशी केली. ठोकळा होता. आईने अर्जावर सही केली आणि काही आठवड्यांनी तो आमच्या प्रयोगशाळेत पोचला. मी जाऊन पाहिला. नखाएवढ्या प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीवर पिवळट मेण, त्यात एक करडा ठिपका, कडेला पेन्सिलने लिहिलेला क्रमांक. मेणात राहून डीएनए तुटका झालेला असतो, लांब वाचता येत नाही. पण छोट्या तुकड्यांची मोजणी जमते. ती जमली. तीन. बाबांचे हात मला अजून नीट आठवतात. लांब, सरळ बोटं, कुठे काही नाही.

आईला हे कळल्यावर ती काय म्हणेल याची मला धास्ती होती. ती म्हणाली, "ते असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, याला औषध काय." औषध नाही. बोटं आठव्या आठवड्यात ठरून गेलेली असतात, नंतर जनुकाला हात लावून काही उपयोग नाही. तिने मान हलवली आणि विषय बदलला. जिन्याचं मात्र पुन्हा कधी काढलं नाही.

मग समुपदेशनाची भेट, जिथे मला आकडा हवा होता. आम्ही, म्हणजे मी आणि बायको, तेव्हा मुलाचा विचार करत होतो. तुकडा मुलात उतरण्याची शक्यता प्रत्येक खेपेला निम्मी, हे सोपं. पण उतरलेल्या किती जणांत दिसतो? बाबांमध्ये नाही, ताईत नाही, माझ्यात आहे, भाच्यात आहे. समुपदेशक आकडा द्यायला तयार नव्हत्या. पुरुषांत जास्त दिसतो, बायकांत कमी, एवढं अनेक घरांतून आढळलं आहे. पण टक्का द्यायचा तर मेख अशी की ज्या घरांत असं मूल जन्मतं तीच घरं तपासणीला येतात. ज्या घरांत तुकडा पिढ्यान् पिढ्या गुपचूप चालत आला आणि कोणाचंच बोट गेलं नाही, ती घरं मोजली कोण? त्यामुळे छापलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठाच असायचा. "आणि दिसलाच तर कसा दिसेल?" बायकोने विचारलं. तेही सांगता येत नाही. तोच तुकडा, तेवढाच लांब, माझ्या हातात एक खाच करतो, भाच्याच्या हातांना शिवतही नाही, आणि दुसऱ्या एखाद्या घरात नडगीचं हाड घेऊन जातो.

पर्याय सगळे मांडले गेले. गर्भ राहण्याआधी प्रयोगशाळेत भ्रूण तपासून निवडता येतो. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश किंवा पंधराव्यानंतर गर्भजल काढून तुकडा आहे का ते पाहता येतं, आणि यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. या तपासण्या बरोबर उत्तर देतात, पण ते तुकड्याबद्दलच्या प्रश्नाचं. त्यांनी बाबांच्या बाबतीत 'आहे' म्हटलं असतं आणि माझ्या बाबतीतही 'आहे' म्हटलं असतं. मला हात आणि पाय कसे आहेत ते हवं होतं, आणि ते सोनोग्राफीत दिसतं: बारा-तेरा आठवड्यांपासून थोडंथोडं, अठरा-वीस आठवड्यांना नीट. आम्ही सुई नको, सोनोग्राफी पुरे, असं ठरवलं. ज्या घरात नडगीशिवाय मूल जन्मलं आहे, त्यांनी वेगळं ठरवलं तर मी त्यांना शहाणपण शिकवायला जाणार नाही. माझा हात या यादीत सौम्य टोकाला आहे.

काकांना पत्र गेलं. असं पत्र जनुकतज्ज्ञच तयार करून देतात. घरात काय सापडलं, कोणाला तपासता येईल, कुठे विचारायचं, एवढंच त्यात असतं, आग्रह नसतो. काकांचा फोन आला. "माझं वय काय, मला हे कळून काय करायचंय? नको." ते त्यांच्या हक्काचंच होतं. पण त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि तिला मात्र कळून घ्यायचं होतं. पेच असा की तिच्यात तुकडा निघाला तर काकांमध्ये तो आहे हे त्यांनी न विचारताच सिद्ध होतं, कारण तिच्या आईकडून तो येण्याचं काही कारण नाही. तिच्यात निघाला नाही तर काकांबद्दल काहीच कळत नाही. असूनही दिला नसेल, किंवा मुळातच नसेल. समुपदेशकांनी तिला एकटीला बसवून हे सांगितलं, आणि निकाल आला तर घरात कोणाला, किती सांगणार ते आधी ठरवायला लावलं. तिने रक्त दिलं. निकाल दोन आला. काकांना तिने सांगितलं की माझ्यात नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या तपासणीचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

आमची मुलगी जन्मली ती दोन्ही हात, दोन्ही पाय नीट घेऊन. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बोटं मोजून झालीच होती, तरी जन्मल्यावर मी परत मोजली. तिच्यात तुकडा आहे का? मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिला काही त्रास नाही, उपचार काही करायचे नाहीत, मग हा प्रश्न तिचा. मोठी होऊन विचारेल तेव्हा तपासू." मला तेव्हा हे थोडं लागलं होतं, बाप मी आहे म्हणून. काकांचा फोन आठवला आणि पटलं.

भाच्याला अस्थिरोग शल्यविशारदांकडे नेलं तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. ताईने मोठ्या जाड फायलीतून मायक्रोअॅरेचा रिपोर्ट काढून पुढे केला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, "नडग्यांचे एक्स-रे आहेत ना?" विचारलं, ते पाहिले, आणि फाइल परत देऊन भाच्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक खेळणं दाखवलं. तो गेला. खेळणं घेऊन आला. त्यांनी त्याला पुन्हा पाठवलं, या वेळी स्वतः खाली बसून, पावलांच्या उंचीवरून पाहत. फट बंद करायची शस्त्रक्रिया मुख्यतः बूट नीट बसावेत म्हणून करतात. चालणं तिच्यावाचून अडत नाही, असं त्यांनी सांगितलं. पावलांचे साचे घेतले, पुढून रुंद आणि टाचेला घट्ट असे बूट लिहून दिले, आणि हाडं कशी वाढतात ते पाहायला वर्षाने बोलावलं.